कोल परत कधी येतो?

गणपतीला कुडाळला निघालो होतो. माणगाव मागे पडलं तसा पाऊस धरला आणि गाड्यांची रांग लागली. शेजारच्या सीटवर भाचा, त्याच्या हातात गाडीच्या स्पीकरला जोडलेला फोन. पोरगा कॉलेजात आहे, मित्रांबरोबर रॅप करतो, मालवणीत ओळी जुळवतो आणि बऱ्या जुळवतो. त्याला आवडेल म्हणून मी म्हटलं, अमेरिकन रॅपर जे. कोलच्या ड्रीमव्हिल या रेकॉर्ड लेबलचा ‘रिव्हेंज ऑफ द ड्रीमर्स थ्री’ लाव, पहिल्या गाण्यापासून. लावला. जे. कोल सुरू झाला तसा हा सरसावून बसला, मान हलायला लागली, ओठांवर शब्द. कोल संपला, लूटचा आवाज आला, आणि याचा अंगठा लगेच स्क्रीनवर गेला. “हा कोण?” म्हटलं, लूट, शार्लट शहरातला रॅपर आहे, थांब जरा. चार ओळी कशाबशा थांबला. “मामा, कोल परत कधी येतो?” मग गाणं पुढे, मग त्याच्या पुढचं गाणं पुढे. जिथे कोल सापडेल तिथे थांबायचं, तो संपला की उडी. तासाभराहून थोडा मोठा अल्बम कशेडीच्या बोगद्याआधीच संपवून टाकला त्याने. बाहेर वायपर कुरकुरत होते, आत एकेका माणसाचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटत होता. मी काही बोललो नाही. पण खेड येईपर्यंत, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही बरेच दिवस, ते तुटलेले आवाज डोक्यातून जाईनात.

ऐकायची ज्याची त्याची पद्धत असते, ते मला मान्य आहे. पण हा अल्बम त्या पद्धतीने ऐकला की हातात काहीच उरत नाही. कारण तो कोलचा नाहीच. तो कोलच्या घरात जमलेल्या माणसांचा आहे.

ज्यांनी तो काळ फोनवर पाहिला त्यांना ती पिवळी आमंत्रणं आठवत असतील. २०१९ च्या जानेवारीत एकाएकी एकेका रॅपरच्या, एकेका प्रोड्यूसरच्या इन्स्टाग्रामवर तसलाच पिवळा कागद दिसायला लागला. अमुक अमुक यांना ‘रिव्हेंज ऑफ द ड्रीमर्स थ्री’च्या रेकॉर्डिंगचं आमंत्रण, स्थळ अटलांटा, ६ ते १६ जानेवारी. एकूण ३४३ आमंत्रणं गेली. लग्नपत्रिका मिरवावी तसे लोक ती मिरवत होते, आणि त्यांत नुसते ड्रीमव्हिलचे नव्हते. दुसऱ्या लेबलांचे होते, कुठल्याच लेबलचे नसलेले होते, आदल्या वर्षापर्यंत कोणी नाव न ऐकलेले होते. अटलांटाजवळच्या ट्री साउंड स्टुडिओत ही सगळी माणसं दहा दिवस येत-जात राहिली. एका खोलीत बीट तयार होतेय, दुसऱ्या खोलीत कोणी तरी त्यावर हुक, म्हणजे धृपद, गुणगुणतोय, तिसऱ्या खोलीत माइकपुढे माणूस उभा आणि दाराबाहेर त्याच गाण्यात आपला वर्स, म्हणजे आपल्या वाट्याचं कडवं, बसतोय का याची वाट बघणारे चौघे. दहा दिवसांत १४२ गाणी रेकॉर्ड झाली. जुलैच्या ५ तारखेला अल्बम आला तेव्हा त्यात १८ होती.

हे आकडे मी कितीही वेळा मनात घोळवले तरी शेवटच्या आकड्याशी अडकतो. पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी यजमानाबद्दल, म्हणजे कोलबद्दल. हे बोलावणं ज्याने धाडलं त्याची ख्याती काय होती, तर हा माणूस कोणालाच बोलावत नाही. ‘२०१४ फॉरेस्ट हिल्स ड्राइव्ह’वर एकही पाहुणा नाही आणि तो अल्बम प्लॅटिनम झाला. त्याचे चाहते वर्षानुवर्षं ती गोष्ट छातीवर बिल्ला लावल्यासारखी सांगत आले. त्याच्या पुढच्या दोन अल्बमचीही तीच तऱ्हा. ‘केओडी’वर एक दुसरं नाव दिसतं, पण तोही कोलच, आवाज बदलून आलेला. नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलसारख्या लष्करी छावणीच्या गावातून न्यूयॉर्कला आलेला, इब्राहिम हमाद या मित्राबरोबर २००७ मध्ये लेबल काढलेला आणि बराच काळ एकट्यानेच सगळं ओढलेला माणूस. त्याने चौतिसाव्या वर्षी दार उघडलं तेव्हा फटीएवढं उघडलं नाही, बिजागऱ्याच काढून ठेवल्या. मला यात त्याचा फार मोठेपणा वाटतो. एकट्याने उभं राहून दाखवायची ऐपत सिद्ध झाल्यावर गर्दीत उभं राहायला निराळी हिंमत लागते. तिथे शेजारचा तुमच्यापेक्षा बरा ठरू शकतो, आणि तुमच्याच गाण्यात.

आणि तसं होतंही. ‘डाउन बॅड’ ऐका. जेआयडी, बास, कोल, अर्थगँग, यंग न्यूडी. जेआयडी शब्द असे मोडतो, वळवतो, पुन्हा जोडतो की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. आपण अजून मागच्या यमकापाशी असतो आणि तो तीन यमकं पुढे. तिथे कोल मला दुसरा वाटतो. कोलच्या गाण्यात कोल दुसरा वाटणं ही साधी गोष्ट नाही, आणि त्याने ते गाणं दुसऱ्याच क्रमांकावर ठेवलंय, मागे कुठे लपवलेलं नाही. त्यानंतर लगेच ‘गॉट मी’, त्यात तो नाहीच. आरी लेनॉक्सचा तो किंचित खरखरीत, झोपेतून उठल्यासारखा आवाज, ओमेन, टाय डॉला साइन, ड्रीझी. मग ‘लॅम्बोट्रक’, तिथेही तो नाही, फक्त त्याचं नाव आहे. कॉझ हा रॅपर ड्रीमव्हिलचा, रीझन टीडीई या दुसऱ्या लेबलचा. दोघे आपापल्या श्रीमंत साहेबांच्या छत्राखाली, आणि दोघांचे खिसे रिकामे. तर दोघे मिळून एकमेकांच्या साहेबांना लुटायचा बेत करतात. लेबलच्या मालकाला लुटायचा बेत त्याच लेबलच्या अल्बमवर, मालकाच्या खर्चाने! गाणं हसतखेळत आहे, पण त्याच्या तळाशी असलेली गोष्ट खोटी नाही. मोठ्या झाडाखाली सावली मिळते, ऊन मिळत नाही. ती तक्रार तशीच्या तशी अल्बमवर राहू दिली, चौथ्याच क्रमांकावर. मला ते फार आवडतं.

पण सगळ्यांत जवळून ऐकावं असं काही असेल तर ते ‘१९९३’. त्या खोलीत आपल्याला बसवून घेणारं गाणं ते. रॅपर सुरू होतो, रंगात येतो, आणि मध्येच बडी नावाच्या रॅपरचा आवाज: अरे, हातातली पुढे दे ना! विडी फिरतेय, आणि ज्याच्या हातात ती आहे तो वर्स म्हणत बसलाय. त्याला तोडून टाकतात. पुढचा सुरू करतो, त्यालाही तेच. कोलचीही गय नाही. एकेकाचा वर्स असा अर्ध्यात कापला जातो आणि मागे हशा, ठसका, कोणाची तरी हाक. किती वर्षं मी गाणी ऐकतोय, पण एवढ्या मोठ्या नावाला आपल्याच घरात ‘बस झालं, आता दुसऱ्याला दे’ असं सांगितलेलं फार कमी ऐकलंय. गाण्यात विडीचं आहे, माइकलाही तेच लागू पडतं. हेडफोन लावून ऐकलं तर डावीकडून कोण बोललं, मागे कोण हसलं तेही उमगतं. भाच्याने हे गाणंही कोलच्या ओळींपुरतं ऐकलं. त्याला ठसका ऐकूच आला नाही.

इथे मला तात्या आठवतात. माझे वडील भजनी बुवा होते. कुडाळ तालुक्यात त्यांच्या नावावर सुपाऱ्या येत, ‘बुवा स्वतः येणार ना?’ हा पहिला प्रश्न. रूपाचा अभंग त्यांचा, पुढचा अभंग त्यांचा, मांडव गच्च. गौळणीची वेळ आली की ते पेटी थोडी बाजूला सारायचे आणि मागे कोरसात बसलेल्या एखाद्या पोराकडे मान वळवायचे. तो पोरगा कासावीस. झांजेवरचा हात थबकलेला, कपाळावर घाम, आणि आवाज पहिल्या ओळीला हमखास वर चढलेला. तेवढ्यात मांडवातून दहा-बारा माणसं उठायची. कोणी चहाला, कोणी पान लावायला, कोणी उगाच चप्पल शोधायला. तात्या पेटीवर साथ धरून असत, पण त्यांचं लक्ष उठणाऱ्यांकडे असे. एकदा भजन झाल्यावर गावच्या एका मानकऱ्याला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, “बुवाक बघूक इलास, की भजन आयकूक?” मी लहान होतो, मला त्या माणसाची दया आली होती. आज तात्यांची बाजू कळते. त्या पोराला गौळण देण्यात त्यांनी स्वतःचं काहीतरी पणाला लावलेलं असायचं. लोक उठून गेले की पोराचा अपमान व्हायचाच, पण तात्यांनी त्याच्यावर ठेवलेला विश्वासही मांडवाबाहेर चपला शोधत निघून जायचा. त्यातली दोन पोरं पुढे स्वतः बुवा झाली. बाकीच्यांचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

लेबलचा असा एकत्र अल्बम काढायची रीत जुनी आहे, आणि तिची दोन टोकं आहेत. एका टोकाला दुकानाची पाटी असते. आमच्याकडे काय काय आहे ते बघा, प्रत्येकाचं एकेक गाणं, मोठ्या नावाचं आधी, छोट्यांचं मागे, आणि अल्बम संपला की कोणाची कोणाशी ओळख झाल्याचं जाणवत नाही. असे कितीतरी अल्बम निघाले, खपले, विसरले गेले. दुसऱ्या टोकाला १९८८ चं ‘द सिम्फनी’. मार्ली मार्ल या प्रोड्यूसरच्या ‘इन कंट्रोल, व्हॉल्यूम वन’वरचं, कोल्ड चिलिन लेबलचं. ओटिस रेडिंगच्या गाण्यातून उचललेला तो पियानो, ठक्क ठक्क करत चालणारा, आणि त्यावर ज्यूस क्रू या रॅपर मंडळीतले चौघे: मास्टा एस, क्रेग जी, कूल जी रॅप, बिग डॅडी केन. हुक नाही, गोड करून सांगणारं काही नाही. एक थांबला की दुसरा. त्यात नवखा मास्टा एस सगळ्यांत आधी आहे आणि ज्याच्यासाठी लोक कान टवकारून बसायचे तो केन सगळ्यांत शेवटी. केनपर्यंत पोचायचं तर तिघांमधून जावं लागतं. कॅसेटच्या जमान्यात पुढे पळवणं कटकटीचं होतं, म्हणून लोक ऐकत गेले आणि ऐकता ऐकता मास्टा एस त्यांचा झाला. आजही त्याचं नाव आदराने घेतात.

आताच्या पोराच्या अंगठ्याला ती कटकट नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण त्याच्यापुढे यादीच तशी येते. गाण्याखाली पाच-सात नावं, त्यातलं एक ओळखीचं. ‘कोस्टा रिका’त तर नऊ जण आहेत. ते गाणं मला स्वतःला गर्दीचं वाटतं, एकेकाला उभं राहायलाही जागा नाही, येतो आणि जातो. दहा दिवसांचा उत्साह जसाच्या तसा पकडायच्या नादात काही ठिकाणी कात्री चालवायला हवी होती. आणि सोळाव्या क्रमांकावर ‘मिडल चाइल्ड’ येतं तेव्हा तर मला ठेच लागते. गाणं उत्तम आहे, प्रश्नच नाही, पण ते जानेवारीतच सिंगल म्हणून येऊन गाजलेलं होतं, त्यात कोल एकटा आहे. इतका वेळ माणसांच्या आवाजाने भरलेल्या घरात एकदम सगळे गप्प झाल्यासारखं होतं. त्यानंतर ‘पीटीएसडी’त ओमेन, मेरेबा हळूहळू बोलायला लागतात तेव्हा कुठे घर पुन्हा भरतं. लेबलला ते गाणं तिथे हवं असणार. ऐकणारे येतात ते त्या नावामागे. ३५ कलाकार आणि २७ प्रोड्यूसर असलेला हा अल्बम पहिल्या आठवड्यात बिलबोर्डच्या यादीत पहिला आला, १ लाख १५ हजार प्रतींइतक्या खपाच्या हिशेबाने, त्यात त्या एका गाण्याचा वाटा असणारच. व्यवहार मला कळतो. तरी कानाला ते खटकतं ते खटकतंच.

पुढच्या वर्षीच्या ग्रॅमीत तर फार विलक्षण योग आला. उत्कृष्ट रॅप सादरीकरणाच्या पाच नामांकनांत ‘मिडल चाइल्ड’ होतं आणि ‘डाउन बॅड’ही होतं. एकाच अल्बममधली दोन गाणी समोरासमोर, एकीकडे कोल एकटा, दुसरीकडे कोल आणि त्याची माणसं. दोन्ही हरली. पुरस्कार निप्सी हसल या रॅपरला गेला, त्याच्या खुनाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि त्या रात्री तो तिथेच जायला हवा होता. पण मला त्या यादीकडे बघून वाटलं होतं की कोलला स्वतःला यातलं कुठलं जिंकलेलं आवडलं असतं? माझं उत्तर पक्कं आहे. ‘सॅक्रिफायसेस’ हे शेवटचं गाणं ऐकलेल्या माणसाचं तेच असेल. अर्थगँग, स्मिनो, सबा यांच्या मागे, सगळ्यांत शेवटी कोल येतो. कोणाला हरवायला आलेला नसतो. बायकोचे आभार मानतो, तिने काय काय सोसलं ते सांगतो, आणखी एक बाळ येणार असल्याचं जाता जाता बोलून जातो. एवढा खाजगी माणूस, घरची गोष्ट सहसा कोणाला न सांगणारा, आणि ती सांगायला त्याने स्वतःचा अल्बम निवडला नाही, हा निवडला. दहा दिवस माणसांत राहिल्यावर जीभ मोकळी होते ती अशी.

आता भाच्याचं. कुडाळला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी आरतीनंतर पडवीत बसलो होतो. आतून मोदकांच्या वाफेचा वास, बाहेर पागोळ्या. त्याने मला त्यांचं नवीन गाणं ऐकवलं. चौघे मित्र, एक बीट, एकेक वर्स. पहिला त्यांच्यातला ज्याला इन्स्टाग्रामवर बरे फॉलोअर आहेत तो. माझा भाचा चौथा. त्याच्या वर्समध्ये आमच्या घरामागच्या व्हाळाचं नाव होतं, आजीच्या चुलीतला धूर होता, आणि पावसात तुटलेल्या साकवावरून शाळेत जाण्याची एक ओळ होती, ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. खरंच चांगलं लिहिलंय. मी म्हटलं, तुझंच सगळ्यांत छान झालंय. तो हसला नाही. म्हणाला, “माझ्यापर्यंत कोणी येतच नाही, मामा. पहिल्याचं झालं की लोक पुढे जातात. दिसतं ना, कुठे सोडलं ते.” आणि फोनवर एक आलेख दाखवला. रेघ पहिल्या मिनिटाला कड्यावरून पडावी तशी खाली आलेली. त्याच्या वर्सपाशी जमिनीला टेकलेली.

गाडीतलं मी त्याला आठवण करून दिलं नाही. इतक्या ताज्या दुखण्यावर बोट कोण ठेवतं? फक्त म्हटलं, पुन्हा लाव, चौघांचंही लाव. मग त्या तिघांची नावं विचारली, कोण कुठला, काय करतो. एक जण कणकवलीच्या गॅरेजात काम करतो आणि रात्री लिहितो. त्याचा ‘र’ किती सुंदर गडगडतो ते त्याला कोणी सांगितलंय का, असंही विचारलं. भाचा जरा वेळाने म्हणाला, तो लूट का कोण, त्याचं ते पहिलं गाणं परत लावू का? लावलं. लूटची खासियत अशी की तो घाई करत नाही. शेजारी कोल, पुढे डाबेबीसारखा फटाका, मध्ये हुकमध्ये यादीत नाव न घातलेल्या केंड्रिक लामारचा आवाज, एवढ्या दिग्गजांच्या कोंडाळ्यात तो आपला दक्षिणेकडचा सुस्त हेल सोडत नाही. पाय रोवून बोलतो.

राहिली ती १४२ गाणी. १८ आली, पुढच्या वर्षी १६ जानेवारीला, म्हणजे ते दहा दिवस संपल्याला बरोबर वर्ष झालं तेव्हा, ‘डिरेक्टर्स कट’ म्हणून आणखी १२ आली. म्हणजे उरलेली शंभराहून जास्त, त्यातली बरीच अजून कुठल्या तरी हार्ड डिस्कवर पडून असणार. काही अर्धवट असतील, काही वाईट असतील, हे मीही जाणतो. पण पिवळा कागद मिरवत विमानाने अटलांटाला गेलेला, तीन रात्री न झोपलेला, आपला वर्स चांगला झाल्याची खात्री असलेला आणि जुलैमध्ये यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचून फोन उलटा ठेवणारा कोणीतरी त्यात नक्की असणार. त्याच्या गावातल्या लोकांनी त्याला विचारलं असेल, तुझं गाणं कुठलं? ड्रीमव्हिलने ती गाणी सोडावीत असं मला मनापासून वाटतं. नीट मिक्स केलेली नसली तरी चालतील, हुक नसला, कोल नसला तरी चालेल. यादीत नावं मात्र सगळ्यांची घालावीत, केंड्रिकसारखी कोणाची गाळू नयेत. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन, आणि भाच्यालाही शेजारी बसवून ऐकवेन.